मर्ना पोटीटच्या भिंतीतले खिळे

लग्नानंतर कितीतरी वर्षं मर्ना पोटीटने भिंतीत एकही खिळा ठोकला नव्हता. फोटो ती जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायची, आरसा खुर्चीवर, आणि आजीचं किल्लीचं घड्याळ फ्रीजच्या डोक्यावर. आलेल्या माणसाला वाटायचं, हे लोक कालच राहायला आलेत. पुष्कळदा ते खरंही असायचं.

तिचा नवरा डेल कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सहायक कोच. या धंद्यात मुख्य कोच हरायला लागला की त्याला काढतात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो, आणि जुन्याच्या हाताखालचे सगळे, कामाचे असोत की बिनकामाचे, सामान बांधायला लागतात. त्यात कोणी कोणावर रागावत नाही. नवी सून आली की स्वयंपाकघरातले डबे हलायचेच. मर्नाची मुलगी ट्रिशा चालायला एका राज्यात शिकली, वाचायला दुसऱ्या आणि सायकल चालवायला तिसऱ्या. मर्नाच्या पलंगामागे रिकामी खोकी चपटी करून उभी असायची. कोचच्या बायका खोकी टाकून देत नाहीत.

क्ले फोर्कला ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मर्ना चाळिशीत होती. इथला कोच हॅनिगन म्हातारा होता, फार जिंकायचा नाही, फार हरायचाही नाही, आणि केंटकीतल्या या एवढ्याशा कॉलेजला त्याला काढायचं सुचतही नव्हतं. हळूहळू मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मग त्यांनी भाड्याचं घर विकत घेतलं. एका शनिवारी पलीकडून ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर ही बाई दातात खिळे धरून स्टुलावर उभी. आधी घड्याळ लावलं. मग आरसा, मग फोटो. संध्याकाळपर्यंत भिंतीला जागा उरली नाही.

एका शरद ऋतूत तर तिने खोकीसुद्धा चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकली.

"मर्ना, नक्की देतेयस?" मी विचारलं.

"देतेय. आता या घरातून निघेन ती एकाच खोक्यातून, आणि ते मला स्वतःला बांधावं लागणार नाही."

ट्रिशा फोनवर म्हणाली, "मम्मा, खोकी दिलीस? आता बघ हं." मर्ना हसली, पण ते वाक्य तिने मला नंतर दोनदा सांगितलं.

फेब्रुवारीत हॅनिगनच्या डॉक्टरने त्याला सांगितलं की बाकावर बसून ओरडणं आता पुरे. सीझन संपला की तो निवृत्त होणार असं जाहीर झालं आणि गावाने मनातल्या मनात डेलला मुख्य कोच करून टाकलं. केस कापायला गेला तर न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. डेलने एक नवा कोट घेतला.

मार्च संपता संपता कॉलेजने लमार ग्रिग्सला आणलं.

लमार आमच्या गावचाच. उंच, लांब हातांचा, दरवाजातून जाताना मान वाकवायची सवय लागलेला. वरच्या दर्जाच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तो बरीच वर्षं खेळला. न्हाव्याच्या आरशापाशी त्याचा फोटो आहे, पेट्रोल पंपावर आहे, बँकेतही आहे. पण कोच म्हणून त्याने कधी काम केलं नव्हतं, शाळेच्या पोरांनाही शिकवलं नव्हतं. सगळीकडे सध्या हेच चाललंय म्हणे. मोठा खेळाडू आणायचा, त्याच्या नावावर पोरं येतात, तिकिटं जातात, देणगीवाले जेवायला येतात. मुठ्ठलच्या खानावळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"ज्याला स्वतःला खेळता येतं त्याला शिकवता येणार नाही का?" एक जण म्हणायचा.

"माझी सासू भाकरी करायची ती खाऊन माणूस रडायचा," मुठ्ठल काउंटरमागून म्हणायचा. "तिच्या चार मुलींपैकी एकीलाही येत नाही. विचारलं की सांगायची, पीठ हाताला लागेल तेवढं घ्यायचं."

डेलने तो कोट पिशवीतून काढलाच नाही. लमारचं नाव जाहीर झालं त्या संध्याकाळी मर्ना माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसली.

"त्याला लागलंय," ती म्हणाली. "बोलत नाही, पण गॅरेजमध्ये एकच फळी तीनदा झाडली. आणि मला विचारशील तर ते पद मला नकोच होतं. मुख्य कोचला एक दिवस काढतातच. सहायक कोनाड्यात बसून म्हातारा होऊ शकतो. मला पद नको गं. मला हे घर पाहिजे."

"लमार ठेवेलही त्याला."

"कोण ठेवतं? आजवर एकाने तरी ठेवलाय?"

दुसऱ्या दिवसापासून डिशा यायला लागल्या.

आमच्याकडे कोणी मेलं किंवा कोणाची नोकरी गेली की शेजारपाजारचे लोक ओव्हनमध्ये काहीतरी भाजून काचेच्या चौकोनी डिशेत घालून नेऊन देतात. डिशेच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे दुःख आवरलं की भांडं बरोबर घरी जातं. डेलची नोकरी अजून गेली नव्हती. पण जाणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि चांगलं माणूस वाट बघत बसत नाही. पहिल्यांदा चिकन-भात आला, मग चीज घातलेली मॅकरोनी, मग हिरव्या शेंगा, मग पुन्हा चिकन-भात. मीही नूडल्स नेल्या. सगळ्या बाया दारात दबक्या आवाजात बोलायच्या आणि मर्नाचा दंड दाबायच्या.

"आत प्रेत ठेवलंय असं बोलतात," मर्ना म्हणाली.

आतून डेलचा आवाज आला. "प्रेताला मॅकरोनी आवडली. अजून आहे का?"

तोवर ती हसत होती. मग दोन डिशा अशा आल्या की तिचं हसू गेलं.

एक आली ती बेव्हर्ली ट्रास्ककडून. बेव्हर्लीचा नवरा कॉलेजचा क्रीडासंचालक, म्हणजे कोणाला घ्यायचं आणि कोणाला काढायचं हे ज्याच्या टेबलावर ठरतं तो. खुद्द त्याच्या घरून टर्कीची डिश आली, मग आता विचारायचं काय राहिलं? मर्नाने डिश ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली. "निकाल लागला," ती म्हणाली. "वर तळलेला कांदाही घातलाय."

दुसरी रताळ्याची होती. मर्ना शाळेतून आली तेव्हा ती पायरीवर ठेवलेली होती, फडक्यात बांधून, आणि बेल कोणी वाजवली नव्हती. बुडाला नाव होतं, ओ. ग्रिग्स. मिस ओडेसा ग्रिग्स ही लमारची आई. निवृत्त होईपर्यंत शाळेचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं आणि मर्नाला तिथलं सगळं काम तिनेच शिकवलं होतं. अजूनही मर्ना भात बिघडला की तिला फोन करायची. ती बाई भांडं पायरीवर ठेवून गुपचूप निघून गेली, याचा अर्थ लावायला मर्नाला फार वेळ लागला नाही.

"तिला तोंड दाखववत नाही माझ्यापुढे," मर्ना म्हणाली. "मुलाने सांगितलं असणार घरी."

"मग डेलनेच लमारला सरळ का विचारू नये?"

"विचार ना त्याला तूच."

मी विचारलंही. डेल कुंपणाशी पाण्याची नळी गुंडाळत होता. म्हणाला, "असं विचारत नसतात. नवा माणूस आला की जुन्याने आपल्या खोलीत बसून राहायचं. तो बोलवेल तेव्हा जायचं. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो तर भीक मागितल्यासारखं होतं."

"आणि त्याने बोलावलंच नाही तर?"

"तेही उत्तरच असतं."

लमार येऊन आठवडा उलटला होता. कॉरिडॉरमध्ये दिसला की मान हलवायचा, "कोच पोटीट" म्हणायचा, आणि आपल्या खोलीत शिरायचा. तेवढ्यात नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजातून डेलच्या जुन्या मित्राचा फोन आला. जागा आहे, येतोस का, शनिवारपर्यंत सांग. डेलने मर्नाला सांगितलं. मर्ना उठून वाण्याच्या दुकानातून खोकी घेऊन आली.

शनिवारी सकाळी मी गेले तर ती स्टुलावर चढून हातोडीच्या मागच्या बाजूने खिळे उपटत होती. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. घड्याळ तेवढं अजून वर होतं.

"डिशा परत करायच्यात," ती खाली उतरत म्हणाली. "लोकांची भांडी घेऊन गाव सोडणारी बाई म्हणून मला नाव नकोय. तू गाडी चालव. मी मांडीवर धरते."

पहाटेच उठून तिने मक्याचा ब्रेड केला होता. रिकामं भांडं परत करू नये म्हणून प्रत्येक डिशेत दोन-दोन तुकडे. आम्ही निघालो तेव्हा डेल फोनजवळच्या खुर्चीत बसला होता, खोलीत फक्त तीच खुर्ची मोकळी होती. "जेवणाआधी नेब्रास्काला करून टाकतो फोन," तो म्हणाला. मर्नाने मान हलवली.

दारोदार दंड दाबले गेले. बेव्हर्ली ट्रास्क तर पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आली.

"आम्हाला फार वाईट वाटतंय, मर्ना. पण बदल चांगलाच असतो नाही का? नेब्रास्काला थंडी मात्र फार, असं ऐकलंय."

"मीही तेच ऐकलंय," मर्ना म्हणाली आणि काच वर केली. वळणापलीकडे गेल्यावर म्हणाली, "नेब्रास्काचं हिला कोणी सांगितलं?"

"डेलने पेट्रोल पंपावर रस्त्याचा नकाशा मागितला होता."

"मग झालं. आता गव्हर्नरलाही कळलं असेल."

मिस ओडेसाचं घर शेवटी ठेवलं होतं, माउंट झायन चर्चच्या मागच्या गल्लीत. गाडी थांबल्यावर मर्ना म्हणाली, "तिने बेल वाजवली नाही, मीही वाजवणार नाही," आणि उतरली. डिश पायरीवर ठेवून ती वळते न वळते तोच जाळीचं दार उघडलं.

"माझ्या पायरीवर भांडं ठेवून पळतंय कोण?"

"मॅम, पद्धत तुमचीच आहे," मर्ना म्हणाली.

मिस ओडेसाने मला हाताने खूण करून गाडीतून बोलावलं आणि मर्नाला म्हणाली, "आत ये. गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या उघड्या आहेत."

आत स्वयंपाकघरात लमार ग्रिग्स बसला होता. खुर्ची लहान, गुडघे टेबलाच्या वर, पायात नुसते मोजे, आणि पुढ्यात टोपलीभर हिरव्या शेंगा. तो शेंगांची टोकं मोडत होता. बँकेतल्या फोटोत हा माणूस हवेत असतो. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि दिव्याला डोकं आपटू नये म्हणून लगेच वाकला.

"मिसेस पोटीट," तो म्हणाला. "तुम्ही लोक कधी निघताय?"

"तुम्ही सांगाल तेव्हा," मर्ना म्हणाली. आवाज साधा होता, पण डिशेचं फडकं तिने मुठीत आवळलं होतं.

"मी सांगेन तेव्हा?"

"तुम्हीच काढताय ना."

लमारने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. "मी कोणालाही काढलेलं नाही," तो म्हणाला. "मी आलो त्याच दिवशी मिस्टर ट्रास्क म्हणाले की कोच पोटीट चाललेत. मला वाटलं, जागा मला मिळाली म्हणून ते माझ्याखाली काम करणार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केलं नसतं."

"ट्रास्कना कोणी सांगितलं?"

"त्यांच्या मिसेसनी. म्हणाल्या, पोटीटांकडे डिशा चालल्यात."

मर्ना खुर्चीत बसली. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी पुढे झाले. ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. "बेव्हर्लीने डिश पाठवली म्हणून मी समजले की काढलं," ती म्हणाली. "आणि बेव्हर्लीने का पाठवली, तर बाकीच्यांनी पाठवल्या म्हणून."

"मग माझी रताळी कशाला होती असं वाटलं तुला?" मिस ओडेसा म्हणाली. "माझ्या पोराने तुझ्या नवऱ्याची जागा घेतली आणि तो रुसून गाव सोडून चालला. कोणत्या तोंडाने बेल वाजवायची मी? तीनदा बोट बेलपाशी नेलं."

"मला वाटलं, तुम्हाला आधीच कळलंय म्हणून टाळताय."

"पोरी, मी कोणाला टाळते का कधी? त्या जिल्ह्याच्या साहेबाला मी भातासकट बाहेर काढला होता, विसरलीस?"

लमार अजून वाकूनच उभा होता. "मिसेस पोटीट, एक सांगू? परवा पोरांना एक चाल दाखवत होतो. म्हटलं, असं वळा. एक म्हणाला, कोच, कसं? मी पुन्हा वळून दाखवलं. तो म्हणाला, हो, पण कसं? मला ते सांगता येईना. मला बॉल कुठे जाणार ते दिसतं, लहानपणापासून दिसतं. का दिसतं ते मला माहीत नाही. कोच पोटीट त्यांच्या खोलीच्या काचेतून बघत होते. मनात म्हटलं, बाहेर या आता. आले नाहीत."

"बोलावल्याशिवाय कसा येईल?"

"आणि जाणाऱ्या माणसाला मी कसा बोलवणार?"

"काचेच्या दोन बाजूंना दोन बाप्ये," मिस ओडेसा मला म्हणाली. "आणि याला म्हणे कॉलेज."

तेव्हाच मर्नाला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. जेवायची वेळ होत आली होती. ती अशी उठली की शेंगांची टोपली कलंडली. मिस ओडेसाच्या फोनवर तिने घरचा नंबर फिरवला, लाइन बिझी. पुन्हा फिरवला, बिझी. तिचा त्या वेळचा चेहरा मला पुन्हा बघावा लागू नये. ती गाडीकडे धावली. लमार मोज्यांवरच आमच्यामागून आला, बूट हातात, आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कसातरी घडी होऊन बसला. पुढे मर्ना, तिच्या मांडीवर घाईत पायरीवरून पुन्हा उचलून आणलेली तीच रताळ्याची डिश.

डेल आत स्टुलावर उभा होता, शेवटचा खिळा उपटून झालेला, दोन्ही हातांत आजीचं घड्याळ.

"नेब्रास्काला केलास फोन?" मर्नाने दारातूनच विचारलं.

"केला होता."

"काय म्हणालास?"

"काही नाही. तिकडे कोणी उचलला नाही, मग ट्रिशाचा आला, तिच्याशीच बोलत बसलो. म्हणते, मम्माने खोकी दिली तेव्हाच सांगितलं होतं. आता करतो." मग त्याला तिच्यामागे दारात वाकलेला माणूस दिसला. "कोच ग्रिग्स."

"कोच पोटीट," लमार म्हणाला. "कोणीतरी मला सांगितलं की तुम्ही चाललात."

"कोणीतरी मला सांगितलं की तुम्ही मला काढलंत."

"मी नाही."

"मीही नाही."

डेल घड्याळ धरून स्टुलावर, लमार खाली, आणि तरी दोघांचे डोळे एकाच पातळीवर. मग लमार म्हणाला, "त्या पोराला, परवाच्या, तुम्ही काय सांगितलं असतं?"

डेलने जरासा विचार केला. "आधी डावा खांदा दे, मग पाय आपोआप येतो. मी वीस वर्षं पोरांना हेच सांगतोय. मला स्वतःला कधी जमलं नाही."

"डावा खांदा," लमार म्हणाला आणि तिथेच, मोज्यांवर, खोक्यांच्या मधोमध वळला. मग आपल्याच खांद्याकडे बघितलं. "खरंच की."

"हेच तर."

"सोमवारी या पोरांसमोर. तुम्ही बोला, मी करतो." आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "मला तुम्ही हवे आहात. विचारायला आठवडा लावला, त्याबद्दल माफ करा."

डेल स्टुलावरून उतरला आणि सावकाश खुर्चीत बसला. नवा कोट, मुख्य कोचचं पद, यातलं काही त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. ओझं उतरवलेल्या हमालासारखा दिसत होता तो. नेब्रास्काच्या मित्राला त्याने जेवण झाल्यावर फोन केला, पण येत नाही म्हणून सांगायला.

घड्याळ लमारनेच लावलं. मर्नाने खिळा आणि हातोडी त्याच्या हातात दिली, त्याने स्टूल न घेता हात वर केला आणि आपल्या अंदाजाने दोन ठोक्यांत खिळा बसवला. तो गेल्यावर मर्नाच्या लक्षात आलं की घड्याळ जवळजवळ छताला टेकलंय. किल्ली द्यायला तिचा हात पोचत नाही, स्टुलावरूनही नाही.

तो जाण्याआधी त्या रताळ्याच्या डिशेतला मक्याचा ब्रेड आम्ही चौघांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

सीझनच्या सुरुवातीचे सामने टीम ओळीने हरली. मुठ्ठलच्या खानावळीत पुन्हा सासूच्या भाकरीचा विषय निघाला. मग एक जिंकले, पुन्हा हरले, आणि ख्रिसमसनंतर जिंकण्याचं प्रमाण बरं झालं. बाकावर दोघे शेजारी बसतात. लमार उठून काहीतरी हातवारे करतो, पोरं त्याच्याकडे बघतात आणि मग डेलकडे बघतात. मर्ना माझ्या शेजारी बसून विणकाम करते. तिला स्कोअर विचारला तर सांगता येत नाही.

वाण्याकडची ती खोकी अजून पलंगामागे आहेत. या वेळी तिने ती कोणाला दिली नाहीत, ट्रिशाचं ऐकलं.

घड्याळ खाली घ्यायचं डेलने कितीदा काढलं. "एक खिळा तर ठोकायचाय," तो म्हणतो.

"राहू दे," मर्ना म्हणते. "रविवारी चर्चनंतर मिस ओडेसा लमारला घेऊन येतेच. तो देईल किल्ली."